लॉनवर पाणी साचतंय, घराच्या बाजूला तळं होतं. किती ब्रास माती टाकू?

तुळशीकट्टा (नेरूळ)

रो-हाउस आहे. पुढच्या अंगणात लॉन: रुंदी १८ फूट, घराच्या भिंतीपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत २४ फूट. मोठी सर आली की घरालगत, टेरेसचा पाइप उतरतो तिथे, ६ बाय ४ फुटांचं तळं होतं. खोली २ इंच. पाऊस थांबल्यावरही दीड-दोन दिवस तसंच राहतं. त्या पट्ट्यात गवत पिवळं आणि शेवाळ. आतून हॉलच्या भिंतीला खालचा फूटभर भाग ओला.

माळी म्हणतो, दोन ब्रास लाल माती मागवा, खड्डा भरू आणि सगळंच लॉन उचलून घेऊ. तो दर वर्षी एप्रिलमध्ये माती आणि शेणखताचा थर टाकतोच.

लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मोजलंय. ओट्याची फरशी शून्य धरली, तिच्याखाली किती इंच ते असं:

घरालगत दोन्ही कोपऱ्यांत १३, तळ्याच्या जागी साडेचौदा
घरापासून १२ फुटांवर १२
कंपाउंडच्या भिंतीलगत साडेबारा
बाहेर रस्त्याची कड १४
पावसाळी गटाराचा तळ ३२
भिंतीत जुना ३ इंची पाइप आहे, त्याचा तळ १७, मातीत बुजलाय

कंपाउंडच्या डाव्या कोपऱ्यात एक नारळ आहे. माती किती आणि कोणती आणू? मातीत रेती मिसळली तर पाणी मुरेल का? सोकपिट (पाणी मुरवायचा खड्डा) करावा का?

---

पाणसळ

एक घमेलंसुद्धा माती आणू नका. तुमचे आकडेच सांगताहेत की माती बाहेर जायला हवी.

मधली जागा १२ वर आणि घरालगत १३ ते साडेचौदा. म्हणजे लॉनची पाठ मध्ये उंच आहे आणि एक उतार थेट घराकडे आहे. दोन ब्रास म्हणजे २०० घनफूट. ४३२ चौरस फुटांवर पसरली तर साडेपाच इंच थर. लॉन येईल ओट्यापासून जेमतेम ७ इंचांवर, आणि उतार तरीही घराकडेच, कारण माळी तोच आकार वर उचलणार.

हे झालं कसं तेही कळतं. दर वर्षी अर्धा इंच माती म्हटली तरी पंधरा वर्षांत साडेसात इंच. घरालगत फावडं नीट चालत नाही म्हणून तिथे थर पातळ पडतो, मध्ये जाड. त्यात पाइपचं पाणी एकाच जागी आदळून खड्डा करतं.

आता दोन गोष्टी बघून सांगा, मग आकडे ठरवू.

पहिली: १० मिमीची सळई घ्या आणि घराच्या भिंतीपासून ३ फुटांपर्यंत दर अर्ध्या फुटाला हळूच खुपसा. रो-हाउसना प्लिंथलगत (जोत्यालगत) दीड-दोन फूट रुंद काँक्रीटची पट्टी बऱ्याचदा असते आणि वरच्या मातीखाली गेलेली असते. ठक्क आवाज आला की तिची पातळी घ्या. सळईच खुपसा, पहार नको. विजेची केबल आणि गॅसची पाइप मीटरपासून कुठून येते ते आधी पाहून ठेवा.

दुसरी: गटारावरची लादी उचलून आतल्या भिंतीवर चिखलाची आणि प्लास्टिकच्या चिंध्यांची सगळ्यात वरची रेघ शोधा. ती रस्त्याच्या कडेपासून किती खाली आहे? गटाराचा तळ ३२ वर आहे म्हणून खूश होऊ नका. भर पावसात गटारातलं पाणी कुठपर्यंत चढतं यावर तुमचं लॉन किती खाली उतरवता येईल ते ठरणार.

---

मुरूम_ते_माती

रेती आणि सोकपिटाबद्दल.

नवी मुंबईचा बराचसा भाग खाडीकाठच्या सखल आणि मिठागराच्या जमिनीवर भराव घालून वसलाय. वर मुरूम, खाली काळी चिकणी खाडीची माती. मुरूम रोलरने दाबलेला, त्यामुळे वरून पाणी हळू उतरतं आणि खाली चिकणीवर अडतं. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये भूजल इतकं वर येतं की चार फुटांचा खड्डा खणला तर तो खालूनच भरतो. असा सोकपिट म्हणजे पैसे देऊन बांधलेली विहीर. पडताळून बघायचं असेल तर फूटभर रुंद, दोन फूट खोल खड्डा पाण्याने भरा आणि तासाला किती इंच उतरतो ते मोजा. पण ही परीक्षा पावसाळ्याच्या मध्यावर करायची. आत्ता फेब्रुवारीत खड्डा झटकन रिकामा होईल आणि तुम्ही फसाल.

रेती: चिकट मातीत १०-२० टक्के रेती मिसळली की निचरा सुधारत नाही. रेतीचे कण मातीत एकटे-एकटे बुडतात, मधल्या पोकळ्या मातीने भरलेल्याच राहतात, आणि वाळल्यावर वीट होते. फरक पडायला रेती मातीपेक्षा जास्त लागते, म्हणजे अख्खा वरचा थर बदलणं आलं. आणि खाडीची रेती तर अजिबात नको, मिठाने गवत जळतं. लागलीच तर धुतलेली क्रश सँड (दगड दळून केलेली रेती), तीही वरून बारीक खळगे भरायला.

शेणखताचा जाड थर हाही खड्ड्यांचा एक कारखाना. ते कुजून बसतं, आणि जिथे ते जास्त पडलं तिथे पुढच्या वर्षी बशी होते.

तुमच्याकडे पाणी मुरवायचं नाही, वरूनच पळवायचं. त्यामुळे पाणसळ म्हणताहेत तेच बरोबर.

---

तुळशीकट्टा

सळईला ठक्क लागलं. पट्टी २ फूट रुंद आहे. भिंतीजवळ १५, बाहेरच्या कडेला साडेपंधरा. दोन ठिकाणी तडा आहे.

गटारातली वरची रेघ रस्त्याच्या कडेपासून ७ इंच खाली, म्हणजे ओट्याखाली २१.

टेरेस साधारण ६०० चौरस फूट, सगळं पाणी त्याच एका पाइपने लॉनवर येतं.

---

पाणसळ

छान मोजलंत. आता हिशोब.

पुस्तकी उत्तर असं की घरापासून ५० ला १ उतार द्या, म्हणजे ५० इंचांत १ इंच. पट्टीच्या कडेपासून कंपाउंडपर्यंत २२ फूट म्हणजे २६४ इंच, तर सव्वापाच इंच उतार. सुरुवात १७ वर केली तर भिंतीपाशी माती सव्वाबावीसवर जाते. पण गटार चढतं २१ पर्यंत. म्हणजे लॉनचं टोक गटाराच्या पाण्याखाली. इथे ५० चा हट्ट सोडायचा. गवतावर १०० ला १ च्या खाली पाणी नीट सरकत नाही, पात्यांतच अडकून राहतं. त्याच्या वर जे मिळेल ते घ्यायचं. तुमच्याकडे ७५ ला १ बसतं:

काँक्रीटची पट्टी: १५ ते साडेपंधरा, पूर्ण उघडी करा
पट्टीच्या कडेला माती: १७
१२ फुटांवर माती: साडेअठरा, थोडं खालीच
कंपाउंडपाशी माती: साडेवीस

यावर लॉनची चटई साधारण १ इंच जाडीची येईल. म्हणजे हिरवा पृष्ठभाग घराकडे १६ आणि भिंतीकडे साडेएकोणीस. घराकडे तो पट्टीपेक्षा अर्धा इंच खाली राहतो, हे मुद्दाम. गवत कडेला फुगतं आणि दोन वर्षांत बांध तयार होतो, मग पट्टीवरचं पाणी लॉनवर उतरत नाही. भिंतीकडे गटाराच्या रेघेपेक्षा दीड इंच वर. फार नाही, पण आहे.

खणाई: पट्टीच्या कडेला साडेतीन, मध्ये साडेसहा, कंपाउंडपाशी ८ इंच. सगळं मिळून जागेवरची माती सुमारे २१० घनफूट, म्हणजे दोन ब्रासच्या थोडी वर. खणल्यावर फुगून अडीच-पावणेतीन ब्रास होईल. वजन १० टनांच्या घरात. छोटा हत्ती बोलावू नका, पाऊण टनाच्या हिशोबाने तेरा-चौदा फेऱ्या होतील. डंपरवाल्याला आधी विचारा की माती कुठे टाकणार. नाल्यात किंवा कांदळवनात टाकतो म्हणाला तर तो नकोच.

एक गोष्ट बिगाऱ्याला दोनदा सांगायची. वरची ४ इंच माती आधी वेगळी काढून पार्किंगमध्ये ताडपत्रीवर ठेवा. इतकी वर्षं पोसलेली तीच चांगली माती. बाहेर जाणार ती खालची. ती अंतिम पातळीच्या आणखी ४ इंच खालीपर्यंत काढायची, तिथेही तोच ७५ ला १ उतार द्यायचा, आणि मग राखून ठेवलेली माती परत पसरायची. खालचा थर सपाट किंवा खड्ड्याखड्ड्यांचा ठेवून फक्त वरून उतार काढला की आत परात तयार होते. वरून लॉन छान उतरतं दिसतं आणि पाय ठेवला की पचपच.

आता पाणी बाहेर कसं जाईल.

कंपाउंडलगत १८ फूट लांब, ६ इंच रुंद काँक्रीटची नाली, वर जाळी. जाळी २० वर, म्हणजे गवतापेक्षा अर्धा इंच खाली. नालीचा तळ दोन्ही टोकांना २३, मधे साडेचोवीस. मधोमध १ बाय १ फुटाचं चेंबर. त्यातून ४ इंची पीव्हीसी पाइप, तळ २७ वर, गटारात २८ वर बाहेर पडेल. चेंबरचा तळ पाइपच्या तळापेक्षा ६ इंच खोल ठेवा, गाळ तिथे बसेल. नाली नको, सरळ एका कोपऱ्यात जाळी बसवतो, असं गवंडी म्हणेल. मग १८ फुटांचा आडवा उतारही लॉनमध्येच काढावा लागतो आणि तेवढे इंच तुमच्याकडे नाहीत.

त्या ४ इंची पाइपला नॉन-रिटर्न फ्लॅप बसवा, म्हणजे पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप. मोठी भरती असताना खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून धारण तलावांची झडप-दारं मिटतात, शहराचं पाणी ओहोटीपर्यंत तलावांत आणि गटारांत थांबून राहतं. त्याच वेळी जोराचा पाऊस असेल तर गटार उलटं तुमच्या चेंबरमध्ये येईल. फ्लॅप वरून झाकण उघडणारा घ्या आणि कंपाउंडच्या आत, हाताला येईल असा बसवा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाकण काढून बघा. आंब्याचं एक पान अडकलं तरी झडप अर्धी उघडी राहते.

फ्लॅप मिटलेला असताना लॉनचं स्वतःचं पाणी कुठे जाईल? लॉनवरच थांबेल, आणि थांबू द्या. पट्टीच्या कडेपर्यंत भरायला या उतारात सोळाशे लिटरच्या आसपास जागा आहे. ताशी १०० मिमीच्या पावसातही त्याला पंचवीस मिनिटं लागतात. पाणी कंपाउंडकडून चढत येतं, घराकडे शेवटी पोचतं, आणि पोचलं तरी ओटा सव्वा फूट वर आहे. दोन-तीन तास पाण्यात राहून हरळी मरत नाही.

टेरेसचं पाणी मात्र लॉनवर सोडायचंच नाही. ६०० चौरस फुटांवर ताशी १०० मिमी म्हणजे साडेपाच हजार लिटर. लॉनवर थेट पडणारं पाणी सदतीसशे. आज तुमचं लॉन स्वतःच्या दीडपट परकं पाणी पितंय. ४ इंची पाइप बाजूच्या भिंतीलगत २५ वरून सुरू करून कंपाउंडपाशी २८ वर न्या. २४ फुटांत ३ इंच, चालेल. वर जेमतेम तीन-चार इंच माती राहील, म्हणून पाइपच्या डोक्यावर विटांची एक ओळ पालथी घाला, नाहीतर माळ्याचा पहिलाच फावडा आत जाईल.

हा पाइप चेंबरला जोडू नका. त्याला भिंतीतून वेगळं भोक पाडा. गटार भरलं तरी टेरेसच्या पाण्यामागे वरच्या मजल्याइतका दाब असतो, ते बाहेर जाईलच. चेंबरला जोडलंत तर तोच दाब जाळीतून कारंजं उडवेल आणि सगळं पाणी पुन्हा लॉनवर.

जुना ३ इंची पाइप आता मातीच्या वर लटकेल. आतून-बाहेरून सिमेंटचा मसाला भरून बंद करा, नाहीतर उंदरांची ये-जा. गटारात नवी जोडणी करायची तर आधी महापालिकेच्या विभाग कार्यालयात अर्ज द्या, आणि जोडणी ज्यात करायची ते चेंबर पावसाळी गटाराचं आहे, मलवाहिनीचं नाही, हे झाकण उघडून स्वतः खात्री करा. दोन्ही वाहिन्या वेगळ्या आहेत आणि लाद्या मात्र सारख्याच दिसतात.

---

घोडबंदरकर

धाग्याला थोडा फाटा फोडतोय. आमच्याकडे ठाण्यात येऊरच्या पायथ्याला उलटं आहे. कंपाउंडच्या मागून डोंगराचं पाणी येतं आणि लॉन ओलांडून घराकडे. लॉनचा उतार उलटा करायचा तर घरालगत तीन फूट खणावं लागेल. मार्ग?

---

पाणसळ

खणू नका. पाणी वरच अडवा. मागच्या कंपाउंडपासून दोन-तीन फूट अलीकडे आडवी चर: माथ्याला ३ फूट रुंद, मध्ये ६ इंच खोल, दोन्ही अंग उतरते, गवत लावलेली. तिला बाजूच्या दिशेने १०० ला १ उतार, आणि तिचं तोंड घराच्या कडेने पुढच्या गटाराकडे. घराच्या बाजूला चरीतून निघालेल्या मातीचाच बुटका बांध. उभ्या कडांची चर करू नका, पहिल्याच आठवड्यात कडा ढासळतात. घरापासून १० फुटांपर्यंत तरी लॉनचा उतार घराबाहेर असलाच पाहिजे. डोंगराचा उतार आणि हा उतार जिथे भेटतात तिथेही अशीच उथळ पन्हळ काढा. मुरमाच्या जमिनीत ती आखीव राहते, फक्त वाहून आलेली माती जून-जुलैत दोनदा काढावी लागेल.

---

हिरवी_चटई

नेरूळवाल्या ताई, आकडे ठरले, आता हाताने काम कसं करायचं ते लिहिते. कागदावरचा उतार लॉनवर येता-येता बिघडतो तो इथेच.

सगळ्यात आधी मोजमापं वाढवा. पाच-सहा ठिकाणं पुरत नाहीत. लांबीला दर ४ फुटांवर सात ओळी, रुंदीला दर साडेचार फुटांवर पाच, असे ३५ खुंट ठोका. प्रत्येक खुंटावर दोन आकडे: आत्ताची पातळी आणि हवी ती पातळी. हव्या पातळीवर लाल ऑइलपेंटची रेघ. लेव्हल पाइपमध्ये बुडबुडा असेल तर रीडिंग सरळ खोटं येतं. पाइप बादलीतून तोंडाने ओढून भरा, दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का बघा, मगच चाला. उन्हात पडलेला आणि सावलीतला भाग एकाच पाइपात असला तरी एखादी रेघ फरक पडतो, म्हणून सकाळी मोजा.

उतार तपासायला महागडं काही नको. गवंड्याची ६ फुटी ॲल्युमिनियमची पट्टी घ्या. एका टोकाला खालून बरोब्बर १ इंच जाडीचा लाकडी ठोकळा चिकटपट्टीने बांधा. ठोकळ्याचं टोक उताराकडे ठेवून पट्टी मातीवर टेका आणि वर पाणसळ (गवंड्याची बुडबुड्याची लेव्हल) ठेवा. बुडबुडा मध्ये आला की उतार ७२ ला १, आपल्याला हवा जवळपास तेवढाच. बुडबुडा ठोकळ्याकडे पळाला तर उतार कमी पडलाय, दुसरीकडे पळाला तर जास्त झालाय. ही पट्टी बिगाऱ्याच्या हातात दिली की त्याला आकडे समजावून सांगावे लागत नाहीत.

माती ओली असताना हात लावू नका. मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर काम सुरू. बोट रुतून खड्डा पडला तर दोन दिवस थांबा. ओल्या चिकट मातीवर रोलर फिरवला की ती कुंभाराच्या चिखलासारखी मळली जाते आणि मग वर्षभर मुळं आत शिरत नाहीत.

खालचा थर उतारात आला की धुमसाने हलकेच ठोका, फक्त भुसभुशीत जागा. मग दाताळ्याने वरचा अर्धा इंच ओरखडून मोकळा करा, म्हणजे वरची माती त्याला धरेल. वरची माती अर्धा इंची चाळणीतून काढा. विटांचे तुकडे, नारळाची मुळं, प्लास्टिक, जुन्या गवताच्या गाठी सगळं बाजूला. चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिसळायचं तर ४ इंचाला अर्धा इंच, त्याहून जास्त नाही.

पसरताना ४ इंच नको, पावणेपाच इंच पसरा. बसून ४ होईल. दोन जीआय (लोखंडी) पाइप लाल रेघांना लावून उतारावर रुळांसारखे ठेवा आणि पट्टी त्यांच्यावरून वरून खाली ओढा. फरशीखालचा मसाला ओढतात तसंच. मग पाइप उचला, त्यांच्या खाचा भरा. पुढचे चार दिवस फवाऱ्याने एक दिवसाआड भिजवा. जिथे बसेल तिथे पुन्हा भरा.

आता पाणी सोडून परीक्षा. चटई टाकायच्या आधी घराकडच्या टोकाला होजपाइप धरून वीस मिनिटं पाणी सोडा, तोंडाला पोतं बांधून, म्हणजे माती कोरली जाणार नाही. जिथे चमकतं पाणी थांबेल तिथे भोवती चुन्याची रेघ मारा. अर्ध्या तासाने जे वर्तुळ अजून ओलं चमकतंय तेच खरं. तेवढंच भरा, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडा. सहसा तीन फेऱ्यांत जमतं. हे टाळून थेट लॉन टाकलं की तेच खळगे जुलैत दिसतात, आणि तेव्हा वरून माती टाकून ते कधीच बरोबर होत नाहीत.

वेळ: मुंबईला मान्सून साधारण ११ जूनला धरतात. चटई निदान सहा आठवडे आधी रुजायला हवी, म्हणजे एप्रिलअखेर लॉन टाकून मोकळं व्हायचं. मार्चमध्ये खणाई, एप्रिलच्या मध्यापर्यंत उतार. मे उजाडला तर घाई करू नका. उतार देऊन मातीवर तागाची पोती खुंटीने दाबून अंथरा आणि लॉन ऑक्टोबरात. उघडी माती पहिल्याच पावसात नालीत आणि नालीतून चेंबरमध्ये जाईल.

चटया उताराला आडव्या लावा, सांधे विटांसारखे चुकवून. सगळे सांधे उताराच्या दिशेने एका रेषेत आले की पाणी त्या रेषेतून नळीसारखं धावतं आणि खालची माती नेतं. पहिले तीन आठवडे त्यावर चालू नका. पहिली कापणी अडीच इंचांवर, नंतर दीड ते दोन. फार बुटकं कापलेलं गवत पाणी लवकर सोडतं हे खरं, पण पावसाळ्यात ढगाळ दिवसांत मग ते उठतच नाही.

नारळ: त्याच्या खोडाभोवती ८ इंच खणलंत तर वरवरच्या मुळांचा गुच्छ उघडा पडेल. ४ फूट त्रिज्येची चकती जुन्याच पातळीवर ठेवा, कडेला विटांचं गोल आळं करा, सांधे मसाल्याने न भरता, म्हणजे आळ्यातलं पाणी बाहेर झिरपेल. नाली त्या कोपऱ्यात साडेचार फूट आधीच थांबवा. वर आळ्यालगत पाणी अडेल, म्हणून तिथल्या खुंटांच्या लाल रेघा अर्धा इंच खाली घ्या आणि उतार आळ्याला वळसा घालून नालीच्या टोकाकडे वळवा.

---

मुरूम_ते_माती

दोन तळटिपा. कंपाउंडलगत नाली खणताना भिंतीच्या पायाचा माथा दिसला तर थांबा. पायाच्या बाजूची माती काढली की पावसाळ्यात भिंत आतल्या बाजूला कलते. अशा वेळी नाली भिंतीपासून फूटभर अलीकडे घ्या.

आणि काँक्रीटच्या पट्टीतले तडे आत्ताच व्ही आकारात कापून, ब्रशने धुऊन, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरा. पट्टी आणि घराची भिंत यांच्या सांध्यात मसाला नको, तो पुन्हा फुटतो. तिथे बाहेरच्या कामाचं पॉलिसल्फाइड किंवा पीयू सीलंट. हॉलच्या ओलीचं सगळं पाप लॉनच्या माथी मारू नका. एक अख्खा पावसाळा भिंत कोरडी राहिली की मगच आतलं प्लास्टर खरवडून रंग द्या. आत्ता रंगवलंत तर पोपडे पुन्हा येतील.

---

तुळशीकट्टा

३५ खुंट ठोकले. घराकडून चौथी ओळ, म्हणजे १२ फुटांवर, डावीकडून उजवीकडे अशी आलीय: बारा, पावणेबारा, साडेचौदा, बारा, सव्वाबारा. मधला खड्डा डोळ्यांना तर दिसत नाही. तिथे कमी खणायचं ना?

---

हिरवी_चटई

शेजारच्या दोन खुंटांपेक्षा अडीच इंच खाली आणि डोळ्यांना दिसत नाही, असं होत नाही. पाइपमध्ये बुडबुडा आलाय किंवा तिथे पोचताना कुणीतरी पाइप पायाखाली दाबलाय. पाइप पुन्हा भरा, ओट्यावरचं शून्य पुन्हा तपासा, आणि तिसऱ्या खुंटानंतर घेतलेली त्या ओळीतली उरलेली रीडिंगसुद्धा परत घ्या. बाराच्या आसपास आलं तर बाकीच्या ओळीसारखंच खणा.